कथा लिहिताना जी.ए. वाचावेत का?

नव्याने कथा लिहू लागलेली मंडळी हमखास विचारतात: स्वतःची कथा चालू असताना आवडत्या लेखकाच्या कथा वाचाव्यात का? छाप पडेल अशी धास्ती असते. वाचाव्यात, पण कोणत्या टप्प्यावर कोणाला हाताशी घ्यायचं ते ठरवून.

पहिला खर्डा चालू असताना मी जी. ए. कुलकर्णींना कपाटात ठेवते. त्यांचे विषय उचलायचं धाडस सहसा कोणी करत नाही, चिकटतात ती त्यांची वाक्यं. 'काजळमाया'तल्या दोन-तीन कथा सलग वाचून लिहायला बसा, दिसेल त्या वस्तूला उपमा सुचायला लागते. रेशनच्या रांगेत उभा असलेला माणूससुद्धा नियतीची वाट पाहू लागतो. जी.एं.ना ते पेलतं, कारण त्या उपमांच्या तळाशी एक आख्खं आयुष्य असतं. आपल्या कागदावर नुसती उपमा उरते. ओळखायची युक्ती सोपी आहे. खर्डा मोठ्याने वाचा. ज्या वाक्याशी आपला आवाज उगाच जड होतो, ते बहुधा उसनं असतं.

त्या दिवसांत कथा सोडून काहीही वाचावं. कोर्टाच्या बातम्या, प्रवासवर्णनं, कविता, काहीही.

आवडत्या कथा उघडायच्या त्या दुसऱ्या खर्ड्याला, आणि तेव्हा पेन्सिल घेऊन. कथा आधी एकदा मनसोक्त वाचून झालेली हवी. पहिल्याच वाचनात अभ्यास करायला गेलं की शेवटाच्या ओढीने पेन्सिल नुसती हातात राहते.

मी सगळ्यांना आधी व्यंकटेश माडगूळकरांचा 'धर्मा रामोशी' वाचायला सांगते. तो ज्या पुस्तकात आहे ते 'माणदेशी माणसं' 1949 सालचं. खरं तर ही व्यक्तिचित्रं, पण कथा शिकायला इतकी चोख जागा नाही. त्यात एक जुनं धोतर आहे. ते कोणाला दिलं जातं आणि पुढे कोणाच्या अंगावर दिसतं, तेवढ्याभोवती खुणा करत जा. (ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी पुढचं सांगत नाही.) गरिबीबद्दल लेखक स्वतः हळहळतो का ते शोधा. हळहळ वाचकावर सोपवलेली आहे. मग आपला खर्डा घ्या आणि 'बिचारा', 'केविलवाणा', 'दीनवाणं' अशा शब्दांना गोल करा. आणखी एक बघा: माणदेशी बोली बहुतेक संवादात येते, निवेदन साध्या लेखी मराठीत चालतं. आख्खं निवेदन बोलीत लिहायची हौस असेल तर खुशाल लिहा, पण गावरान वातावरण त्याशिवाय जमत नाही हा गैरसमज तरी जाईल.

बाबूराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' वेगळ्या कारणासाठी वाचायची. त्याच नावाचा त्यांचा संग्रह 1963 साली आला. नव्या लेखकाला गुपित शेवटपर्यंत झाकून ठेवण्याचा भारी सोस असतो, शेवटच्या ओळीत धक्का द्यायचा म्हणून. बागूल गुपित मथळ्यातच सांगून टाकतात. निवेदक काय लपवतोय ते वाचकाला ठाऊक, भोवतालच्या माणसांना नाही. त्यामुळे आपुलकीचं साधं वाक्यसुद्धा वाचताना पोटात गोळा येतो. तुमच्या कथेतलं गुपित पहिल्याच पानावर आणून पाहा. कथा कोसळली, तर तिच्यात त्या धक्क्यापलीकडे फारसं काही नव्हतं असं समजा.

हाताने उतरवून काढण्याचा सल्ला अनेक जण देतात. पूर्ण कथा उतरवायचं काम मला हमाली वाटते. एक परिच्छेद पुरतो, तोही संवादाचा. 'तो म्हणाला' किती वेळा येतं, कुठे मुद्दाम गाळलंय, कोणत्या प्रश्नाला उत्तरच दिलेलं नाही, हे लिहिताना बोटांना कळतं.

आणि निवडक कथांच्या संग्रहांवरच थांबू नका. 1982 साली बंद पडलेल्या 'सत्यकथा' मासिकाचे किंवा जुन्या दिवाळी अंकांचे बांधीव खंड मोठ्या सार्वजनिक ग्रंथालयांत मिळू शकतात, तिथल्या माणसाला विचारा. गाजलेली कथा तिथे विसरल्या गेलेल्या कथांच्या शेजारी छापलेली दिसते. एक अंक पूर्ण वाचा आणि कोणती कथा टिकली असेल ते नावं झाकून ओळखायचा प्रयत्न करा. फसलेल्या कथेत काय फसलंय ते लवकर दिसतं, उत्तम कथेत काय जमलंय ते दिसायला वेळ लागतो. दिवाळी अंकांना कथा साधारण पावसाळ्यात पाठवाव्या लागतात, तेव्हा हा उद्योग उन्हाळ्यात उरकलेला बरा.