माणगा लावताय? मग या चुका टाळा

मृग लागला की माझ्याकडे एकच तक्रार येते. "काका, बांबूला मस्त पालवी फुटली होती, आणि आता सुकला." पुढचं ऐकायच्या आधीच मला ठाऊक असतं. आमच्या सिंधुदुर्गात बांधावर, डोंगरउतारावर लावतात तो माणगा, बिनकाट्याचा आणि बुडाशी भरीव. चिवट आहे, पण घाईला अजिबात बधत नाही.

तर ती पालवी. काठीचा तुकडा वाळूत पुरला की पेरावरचा डोळा काठीतच साठलेल्या अन्नावर फुटतो. पानं येतात, मुळांचा पत्ता नसतो. मीसुद्धा यात हात पोळून घेतलाय. एका एप्रिलमध्ये चाळीस तुकडे आडवे पुरले, मेअखेर सगळे हिरवेगार. आल्या-गेल्याला कौतुकाने दाखवून झाले. पहिल्या पावसात बांधावर लावले आणि गणपतीपर्यंत चार उरले. मेलेले उपटून पाहिले तर खालून काठी लाटण्यासारखी गुळगुळीत! त्यानंतर मी एक नियम पाळतो: मातीतून वेगळा, नवा कोंब वर आल्याशिवाय रोपाला पिशवीतून हलवायचं नाही. त्यासाठी कधी कधी अख्खं वर्ष जातं. रोज उपटून "मूळ आलं का" बघणाऱ्यांना माझा सल्ला, पपई लावा.

पेराला भोक पाडून आत पाणी भरायची युक्ती हल्ली व्हिडिओंमध्ये फार दाखवतात. पोकळ बांबूला ती ठीक आहे. माणग्याच्या भरीव काठीत पाणी भरणार कुठे?

माणग्याचं बी कुणी विकत असेल तर पैसे खिशातच ठेवा. माणगा क्वचित फुलला तरी बी धरत नाही. रोप घेताना फांद्यांना काटे असतील तर तो कळक आहे, विकणारा काहीही म्हणो.

काठीच्या तुकड्याऐवजी कंद, म्हणजे बांबूचं जमिनीखालचं खोड, लावायचा तर तो काढतानाही लोकांची तीच गत. बेटातली सगळ्यात जाड, जुनी काठी निवडतात आणि तिच्याखाली कुदळ घालतात. जुन्या कंदाचे डोळे निजलेले असतात, ते पुन्हा उठतीलच असं नाही. एक-दोन वर्षांची काठी घ्या. बुडाच्या पेरांभोवती सुकं वेष्टण अजून चिकटलेलं असतं, त्यावरून ती ओळखू येते. कुदळीने हिसडलं की डोळे फुटतात. मी आजूबाजूची माती मोकळी करतो आणि कंदाची मान करवतीने कापतो. वर तीन-चार पेरं ठेवून काठी तिरकी छाटतो. हे काम पावसाच्या तोंडावर करायचं, आणि काढलेला कंद त्याच दिवशी मातीत गेला पाहिजे. गोणपाटात गुंडाळून दोन दिवस गाडीत फिरवलेल्या कंदाला माझ्या दारात आणू नका.

पाणथळ जागा नको, कंद कुजतो. दोन बेटांत पाच मीटर सोडा. पहिले दोन उन्हाळे पाणी द्या. पहिल्या वर्षीचे कोंब पेन्सिलीएवढे निघाले म्हणून रडू नका, आणि ते पुढे जाड होतील अशी वाटही पाहू नका. काठी ज्या जाडीची उगवते त्याच जाडीची राहते. जाडी पुढच्या वर्षांच्या कोंबांना येते, खाली कंद पोसला गेला तर.

आता तोडणी. कोयता घेऊन आलेला माणूस बेटाच्या कडेची काठी तोडतो, कारण ती हाताशी असते. पण कडेची म्हणजे नवी, आणि पुढचे कोंब तिच्याच कंदातून यायचे असतात. आत जुन्या काठ्या एकमेकींत अडकून वाळत राहतात. आमच्या शेजाऱ्याने आठ-दहा वर्षं असंच केलं. शेवटी मी आणि तो दोन दिवस त्या बेटात घुसायला वाट पाडत होतो. अंगभर बांबूची टोचरी कूस, आणि निघालेल्या निम्म्या काठ्या फक्त चुलीच्या लायकीच्या. मी दर दिवाळीनंतर त्या वर्षीच्या कोंबांवर ऑइलपेंटचा ठिपका देतो, दरवर्षी वेगळा रंग. तीन वर्षांच्या आतल्या काठीला कोयता लागत नाही. तोड थंडीत, जमिनीपासून पहिल्या-दुसऱ्या पेराच्या लगेच वर, म्हणजे खुंटात पाणी साचत नाही. पावसाळ्यात तोडू नका, तेव्हा कोंब कोवळे असतात आणि पायाखाली मोडतात.

अंधाऱ्या पक्षात तोडली की काठीला कीड लागत नाही, असं आमच्याकडचे जुने लोक सांगतात. मी पक्ष बघत नाही, तोडलेल्या काठ्या पंधरा दिवस वहाळात बुडवून ठेवतो. शेजारी मात्र यंदाही अमावस्येची वाट बघून आला आणि कडेच्याच चार तोडून गेला.