सड्यावरच्या कातळशिल्पाची मोबाइलवर नोंद अशी करा

सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार आणि कातळशिल्प म्हणजे त्यावर कोरलेली जुनी आकृती. तिची नोंद करायची तर सुरुवात वाडीतून करा. रत्नागिरी-राजापूरकडचे बरेच सडे खासगी मालकीचे आहेत. 'काका, सड्यावरच्या चित्रांचे फोटो घेऊ का?' एवढं विचारलंत की काका बहुतेक वेळा स्वतःच सोबत येतात आणि गवतात दडलेली एखादी आकृतीही दाखवतात. गाडी खालीच ठेवा. चाकाखाली जांभ्याची धार तुटली की ती परत येत नाही.

भर दुपारी कोरीव रेघ दिसतच नाही. सकाळचं किंवा मावळतीचं तिरपं ऊन पडलं की बोटभर खोल रेघेतही सावली भरते आणि आख्खा प्राणी समोर येतो. फोटो तेव्हाच घ्या. अनेक फोटो जोडून शिल्पाचं थ्रीडी मॉडेल करायचं असेल, तर मात्र ढगाळ उजेड बरा, कारण सावल्या सरकत राहिल्या की मॉडेल बिघडतं. पाचोळा हाताने बाजूला करा. रेघा उठून दिसाव्यात म्हणून खडू किंवा रंग भरणं मला अजिबात चालत नाही. लोक पाणीसुद्धा ओततात, तेही नको.

आता मोबाइल. झूम बंद, फोकस आणि एक्सपोजर लॉक. कडेला मोजपट्टी ठेवा. शेत नांगरतात तसं ओळीने पुढे जा, वळा, परत या. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा ७० टक्के तरी भाग आला पाहिजे. स्वतःची सावली आणि पाय चौकटीबाहेर ठेवा. फोटोंवरून थ्रीडी मॉडेल बनवणारं पॉलिकॅमसारखं अॅप छोट्या आकृतीला पुरतं. कशेळीच्या हत्तीसारखं सुमारे १८ मीटर लांबीचं शिल्प असेल, तर परवानगी घेऊन ड्रोन लावा आणि फोटो संगणकावर मेशरूम या सॉफ्टवेअरमध्ये जोडा. ते फुकट मिळतं.

फोटो इंटरनेटवर टाकताना सर्वांत जास्त जपा. कोकणातली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या तात्पुरत्या यादीत गेली, तेव्हापासून विचारणा वाढली आहे. बाहेर देण्याच्या फोटोंतलं लोकेशन काढून टाका. नकाशावर खूण करायची तर ती वाडीची करा, शिल्पाची नको. म्हणजे येणारा पाहुणा आधी गावात थांबेल, वाट दाखवणारा सोबत घेईल, जेवेलही तिथेच. चिरेखाणीपेक्षा सडा राखण्यात पैसा आहे हे मालकाला दिसायला हवं.

लोकेशनसकट मूळ फाइल मात्र जपून ठेवा. तिची एक प्रत मालकाला, एक ग्रामपंचायतीला आणि एक राज्य पुरातत्त्व विभागाला द्या. सोबत तारीख, मापं आणि वाडीत त्या आकृतीला काय म्हणतात तेही लिहा.