पैशाच्या सवयींवरचा रिसर्च वाचून पॉलिसी सुचवताय? आधी या चुका टाळा

लोक बचत का करत नाहीत, योजनेचा फॉर्म का भरत नाहीत, कर्ज कुठे वापरतात यावर गेल्या पंचवीसेक वर्षांत फार मोलाचं काम झालंय आणि त्यातले आकडे आता कुठल्याही रिपोर्टमध्ये सर्रास दिसतात. पण आकडा तेवढा उचलला जातो, तो कशाच्या तुलनेत आला, किती काळ बघितला आणि नक्की काय मोजलं हे मागेच राहतं, मग योजना फसली की खापर रिसर्चवर.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे सहभाग वाढला की बचत वाढली असं धरून चालणं. ब्रिजिट मॅड्रियन आणि डेनिस शे यांचा 2001 चा पेपर बघा. अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीने 1998 मध्ये नवीन कर्मचाऱ्यांना रिटायरमेंट प्लॅनमध्ये आपोआप घालायला सुरुवात केली, नको असेल त्याने बाहेर पडायचं. त्याआधीच्या वर्षात लागलेल्यांपैकी 49 टक्के लोक प्लॅनमध्ये होते, नवीन लोकांमध्ये हेच प्रमाण 86 टक्के झालं. इथपर्यंत सगळे सांगतात. पण डीफॉल्ट कपात (कुणी काहीच बदललं नाही तर आपोआप लागू होणारी) होती पगाराच्या फक्त 3 टक्के, पैसे जायचे मनी मार्केट फंडात, म्हणजे कमी जोखमीच्या आणि कमी परताव्याच्या फंडात, आणि बहुतेक नवीन लोक तिथेच चिकटून राहिले, कंपनी 6 टक्क्यांपर्यंत स्वतःचा वाटा घालायला तयार असूनसुद्धा. स्वतःहून नाव घातलं असतं तर ज्यांनी जास्त कापून घेतले असते, त्यांच्यातलेही काही जण 3 वरच अडकले! म्हणून सहभागाचा आकडा दिसला की सरासरी कपात किती झाली ते शोधा, आणि नोकरी सोडताना किती जणांनी पैसे काढून घेतले तेही, कारण गळती तिथेच होते.

थेलर आणि बेनार्त्झी यांचा 2004 चा आकडाही असाच अर्धा फिरतो. पगारवाढ झाली की कपात आपोआप वाढणार, अशा प्लॅनमध्ये 40 महिन्यांत बचत पगाराच्या 3.5 वरून 13.6 टक्क्यांवर गेली, हे खरंच आहे आणि भारी आहे, पण हा आकडा तो प्लॅन स्वतः निवडलेल्या लोकांचा आहे. तो सरसकट सगळ्यांना लावला की अंदाज फुगणारच.

दुसरी चूक, टॅक्स सवलत दिली की लोक जास्त वाचवतील असं गृहीत धरणं. डेन्मार्कच्या डेटावर राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये दाखवलं की सुमारे 85 टक्के लोक सवलत बदलली तरी काहीच हलवत नाहीत, आणि जे हलवतात ते बहुतेक एका खात्यातून दुसऱ्या खात्यात. सरकारने सवलतीवर 1 डॉलर घालवला तर एकूण बचत वाढली साधारण 1 सेंट. पेन्शन खात्यातली वाढ बघून खूश होऊ नका, त्या माणसाची सगळी खाती मिळून काय झालं ते विचारा.

आता नज, म्हणजे सक्ती किंवा पैशाचं आमिष न देता पत्र, आठवण, सोपा फॉर्म अशा छोट्या बदलांनी लोकांना एका बाजूला हलकेच वळवणं. पेपरात छापलेले परिणाम आपल्याकडेही तेवढेच येतील ही अपेक्षा मोडून काढायलाच हवी. डेलाविन्या आणि लिनोस यांनी 2022 मध्ये अमेरिकेतल्या दोन मोठ्या नज युनिट्सचे 126 प्रयोग तपासले, 2.3 कोटी लोक, सरासरी परिणाम 1.4 पर्सेंटेज पॉइंट, म्हणजे हवी ती गोष्ट करणाऱ्यांचं प्रमाण शंभरात 1.4 ने वाढलं. जर्नलमध्ये छापून आलेल्या प्रयोगांत तोच 8.7 होता. छोटे परिणाम छापलेच जात नाहीत हे यामागचं मोठं कारण. आणि गंमत नाही, 1.4 पॉइंट वाढ म्हणजे मूळ प्रमाणाच्या साधारण 8 टक्के वाढ, दोन्ही बरोबर, पण रिपोर्टमध्ये कुठली लिहिलीय ते सांगितलंच नाही तर वाचणारा हमखास फसतो. बजेट मांडताना पॉइंटच घ्या.

आर्थिक साक्षरतेचं मात्र उलटं झालंय. 2014 च्या एका मोठ्या आढाव्यात लोकांच्या पैशाच्या वर्तनात जो फरक दिसतो त्यातला जेमतेम 0.1 टक्के भाग शिक्षणाने समजतो असं आलं आणि बरेच लोक अजून तिथेच थांबलेत. 2022 मध्ये 76 रँडमाइज्ड प्रयोग (कुणाला शिकवायचं ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेले) एकत्र केले तर ज्ञान आणि वर्तन दोन्हीवर चांगला परिणाम दिसला. एकच आढावा धरून कोर्स बंद करायची शिफारस करू नका, नवा आलाय का ते बघा.

मायक्रोक्रेडिटवर, म्हणजे गरिबांना दिलेल्या छोट्या कर्जांवर, थोडक्यात: हैदराबादच्या 104 वस्त्यांतल्या प्रयोगात छोट्या धंद्यातली गुंतवणूक वाढली, पण घरखर्च, शिक्षण, आरोग्य यात म्हणावा असा बदल दिसला नाही. कर्ज किती वाटलं हा योजनेचा खर्च आहे, परिणाम नव्हे.

आणि एक तांत्रिक गोष्ट, पाच मिनिटांचं काम आहे: पेपर मागे घेतलाय का ते जर्नलच्या साइटवर बघा. फॉर्मच्या वरच्या बाजूला सही घेतली की लोक खरं लिहितात, हा 2012 चा पेपर 2021 मध्ये मागे घेतला गेला, तरी फॉर्म बदलायच्या सूचनांमध्ये तो अजून सापडतो.