प्रबंध छापायला नेण्याआधी: समासाची तयारी

पुढच्या महिन्यात माझ्या भाचीचा प्रबंध छापायचाय. तिच्यासाठी यादी करायला बसले होते, ती इथेच सगळ्यांसाठी लिहिते, कारण माझा स्वतःचा प्रबंध समासापायी एकदा परत आलेला आहे. पाच प्रती, काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं. प्रबंध जमा करायच्या खिडकीतल्या मॅडमनी पहिली प्रत उचलली, कडेवर अंगठा ठेवून पानं फरफर सोडली आणि मध्येच थांबल्या. पृष्ठक्रमांक ४० व्या पानापर्यंत एका जागी होता, ४१ व्याला पाचेक मिलिमीटर वर सरकत होता आणि ५९ व्याला पुन्हा खाली येत होता. "मधली पानं दुसरीकडे छापलीत का?" एवढंच त्यांनी विचारलं. पाचही प्रती परत.

छापली होती. मार्गदर्शकांनी ऐनवेळी ४१ ते ५८ या पानांत दुरुस्त्या सांगितल्या. नाशिकचे पावसाळ्याचे दिवस, गंगेला (आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो) पूर, पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलेलं, होळकर पुलावर गाड्यांची रांग. आमचं घर पंचवटीत आणि मूळ प्रिंट कॉलेज रोडच्या दुकानातल्या. पलीकडे जाणं टाळलं आणि अठरा पानांचे पाच संच घराजवळच काढून घेतले. फाइल तीच, कागदही तोच. त्या कॉम्प्युटरवर प्रिंट देताना 'फिट' (पान थोडं लहान करून छापणं) निवडलेलं होतं, ते मी पाहिलं नाही.

म्हणून पहिल्यांदा हेच लिहून ठेवा: स्केल १०० टक्के. अ‍ॅडोबी रीडरमध्ये त्याला 'अ‍ॅक्च्युअल साइज' म्हणतात. पहिल्या प्रिंटलाही तेच आणि दुरुस्तीच्या एका पानालाही तेच.

आता फाइल. शुद्धलेखन, अनुक्रमणिका, संदर्भ हे तुम्ही पाहिलेलंच असणार, सोडून देते. कागदाचा आकार मात्र बघा. ए४ म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर. अमेरिकेतला लेटर २१५.९ बाय २७९.४, म्हणजे जरा रुंद आणि पावणेदोन सेंटिमीटर आखूड. प्रबंध लेटेक या अक्षरजुळणीच्या प्रोग्रॅममध्ये केला असेल तर हे वाचा. त्याच्या आर्टिकल, रिपोर्ट, बुक या क्लासना (म्हणजे तयार साच्यांना) काही सांगितलं नाही, तर त्या समासाचा हिशोब लेटर धरून करतात. टेक लाइव्ह (ज्यातून लेटेक कॉम्प्युटरवर येतं ते) मात्र एरवी पीडीएफ ए४ची काढतं. मग उजवा समास सहा मिलिमीटरने कमी भरतो, खाली पावणेदोन सेंटिमीटर मोकळी जागा उरते आणि माणूस रात्रभर आकडे बदलत बसतो. 'ए-फोर-पेपर' हा पर्याय डॉक्युमेंटक्लासच्या ओळीतच लिहा, तिथून तो बाकीच्या पॅकेजांनाही मिळतो.

समास द्यायला जॉमेट्री पॅकेज वापरा. आमच्या नियमावलीत डावीकडे दीड इंच आणि बाकी तिन्ही बाजूंना एक इंच होता. तुमची नियमावली तुम्ही वाचा, सीनियरच्या जुन्या फाइलवर विसंबू नका. ऑडसाइडमार्जिन, एचऑफसेट वगैरे लेटेकचे समासाचे आतले आकडे हाताने बदलायला जाऊ नका. टेकचा (लेटेक ज्यावर उभं आहे त्या प्रोग्रॅमचा) आरंभबिंदूच कागदाच्या डाव्या आणि वरच्या कडेपासून एकेक इंच आत असतो. ऑडसाइडमार्जिन शून्य केलं तरी डावीकडे इंचभर जागा राहते ती त्यामुळे. जॉमेट्रीत तुम्ही सरळ कडेपासूनचं अंतर सांगता, हा हिशोब ते करतं.

एकपाठी छापणार की दोन्ही बाजूंना, हे आत्ताच ठरवा. बुक क्लास आपणहून दोन बाजू धरतो, म्हणजे विषम पानाचा डावा समास आणि सम पानाचा डावा समास वेगळा. तीच फाइल एकपाठी छापली की एक पान इकडे, एक पान तिकडे असं दिसतं आणि लोक प्रिंटरला दोष देतात. एकपाठी असेल तर 'वनसाइड' लिहा. दोन्ही बाजूंना असेल तर आतला समास मोठा द्या, शिवण त्या बाजूला येते, आणि प्रिंट देताना पान लांब कडेवर उलटायला सांगा.

लॉग फाइलमधल्या 'ओव्हरफुल एचबॉक्स' या ओळी वाचा. लांब समीकरण किंवा वेबपत्ता उजव्या समासात घुसलेला असतो आणि स्क्रीनवर तो नजरेतून सुटतो. क्लासला 'ड्राफ्ट' पर्याय दिला की अशा प्रत्येक ओळीच्या शेवटी काळा ठोकळा येतो. ते सगळे ठोकळे जाईपर्यंत पुढे जाऊ नका. (छापण्याआधी ड्राफ्ट काढा, नाहीतर आकृत्यांच्या जागी रिकाम्या चौकटी छापून येतील.)

पीडीएफ तयार झाली की पीडीएफइन्फो ही आज्ञा चालवा. ५९५ बाय ८४२ पॉइंट आलं तर ए४, ६१२ बाय ७९२ आलं तर लेटर. ती एरवी पहिलंच पान सांगते, म्हणून पहिला आणि शेवटचा क्रमांक देऊन सगळी पानं तपासा. प्रमाणपत्राचं स्कॅन केलेलं पान, दुसऱ्याने वर्डमध्ये करून दिलेलं घोषणापत्र, अशी बाहेरून आलेली पानंच बहुधा वेगळ्या आकाराची निघतात. फॉन्ट पीडीएफमध्ये बसवलेले आहेत ना, तेही बघून घ्या.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिते आहे ते. फाइलमध्ये १०० टक्के असं काही नसतं, ते छापणाऱ्या कॉम्प्युटरवर ठरतं. तुमची फाइल कितीही नेटकी असो, शेवटच्या क्षणी एक ठिपका 'फिट'वर असला की संपलं. लेझर प्रिंटर कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापू शकत नाही, चारेक मिलिमीटरची पट्टी कोरी सोडतो. 'फिट' म्हणजे अख्खं पान लहान करून त्या पट्टीच्या आत बसवणं. माझी पानं ९६ टक्क्यांवर आली होती. मजकुराची रुंदी सहा मिलिमीटरने कमी झाली, उंची जवळजवळ एक सेंटिमीटरने. आणि डावा समास? तो ३८ मिलिमीटरवरून ४१ झाला, म्हणजे वाढला! मी दुकानात तेवढाच एक मोजला होता, दीड इंचापेक्षा जास्त दिसला आणि समाधानाने घरी आले. नुसता समास मोजून हे कळत नाही.

कळतं ते असं. एक चाचणीपान करा. त्यावर बरोबर १५० मिलिमीटरची एक आडवी रेघ आणि एक उभी रेघ काढा, आणि कडांपासून २० मिलिमीटर आत एक चौकट. शाळेतली प्लास्टिकची पट्टी नको, तिचा शून्य टोकापासून थोडा आत असतो. स्टीलची पट्टी पिशवीत टाका. रेघ १५० भरली तर १०० टक्के. १४४ भरली तर ९६, आणि छपाई थांबवा. चौकटीचं अंतर चारी बाजूंना सारखं नसेल तर कागद तिरका किंवा सरकून जातोय. ट्रेमधले गाइड गठ्ठ्याला टेकवून लावायला सांगा. पावसाळ्यात आपल्याकडे सुटा ठेवलेला कागद ओल धरतो, वाकतो आणि तिरका ओढला जातो, तेव्हा रीम दुकानात तुमच्यासमोर फोडलेलं असू दे.

लेटेकमध्ये हायपररेफ पॅकेजला 'पीडीएफप्रिंटस्केलिंग नन' असा पर्याय देता येतो. मग अ‍ॅडोबी रीडर प्रिंट देताना आपणहून स्केल न करण्याचं धरतो. जरूर द्या, पण त्याच्या भरवशावर राहू नका, सगळे प्रोग्रॅम ते मानत नाहीत. दुकानात फाइल बहुतेक वेळा व्हॉट्सअ‍ॅपवरून जाते आणि ते ती ब्राउझरमधूनच प्रिंटला देतात. तिथे 'स्केल'च्या खाली 'फिट टू प्रिंटेबल एरिया' असतं, ते बदलून १०० घालायचं. पेनड्राइव्ह न्या, रीडरमध्ये उघडायला सांगा आणि काउंटरच्या पलीकडचा स्क्रीन स्वतःच्या डोळ्यांनी बघा. "दादा, अ‍ॅक्च्युअल साइज आहे ना?" एवढं विचारून भागत नाही. मागे दहा जण झेरॉक्ससाठी उभे असतात, दादा "हो हो" म्हणतो. स्क्रीन बघा. मग चाचणीपान काढा, मोजा, आणि त्यानंतरच पहिला संच सोडा.

सगळे संच एकाच मशीनवर, एकाच ट्रेमधून. मध्ये कागद अडकला, दुकानदाराने उरलेली पानं शेजारच्या मशीनला पाठवली, तर चाचणीपान पुन्हा. दुसऱ्या दिवशी आलात, पुन्हा. रंगीत आकृत्यांची पानं वेगळ्या मशीनवर निघतात, तिथेही पुन्हा.

आणि दुरुस्तीची पानं. इथेच सगळे चुकतात, कारण मोठं काम संपल्यासारखं वाटतं आणि अठरा पानांचं कोण एवढं बघतो. चाचणीपान त्या अठरा पानांच्या फाइलमध्येच पहिलं पान म्हणून घाला, म्हणजे विसरायची सोयच राहणार नाही. शक्य असेल तर त्याच दुकानात, त्याच मशीनवर जा. पूर असला तरी एक दिवस थांबा. नवं पान जुन्या गठ्ठ्यातल्या शेजारच्या पानावर ठेवा, दोन्ही एकत्र खिडकीच्या उजेडासमोर धरा. पहिल्या ओळीवर पहिली ओळ आणि क्रमांकावर क्रमांक यायला हवा. बाइंडिंग झाल्यावर हे सुधारता येत नाही: बाइंडर तीन बाजूंनी कटिंग करतो, त्यामुळे नवं ए४ पान जुन्यांपेक्षा मोठं भरतं आणि कडेला बाहेर डोकावतं. माझ्या पाचही प्रती मुळापासून छापाव्या लागल्या.

बाइंडरला शिवण किती जागा खाते आणि कटिंग किती करणार, ते आधी विचारा. पृष्ठक्रमांक फार खाली असेल तर कटिंगनंतर कडेला चिकटल्यासारखा दिसतो. पाठीवरचं नाव आणि वर्ष कागदावर लिहून द्या, तोंडी नको. प्रती किती, तेही लिहून द्या.

गठ्ठे त्याच्या हातात देण्याआधी प्रत्येकाच्या कडेवरून एकदा अंगठा फिरवा, पाचही. क्रमांक जिथे हलला ते पान तिथेच काढून ठेवा आणि चाचणीपान घेऊन दुकानात परत जा.