विनंती आणि परवानगी: इंग्रजी मुलखात नव्याने आलेल्यांसाठी

आपल्याकडून येणाऱ्या मुलामुलींचं इंग्रजी कच्चं नसतं. मीटिंग, ईमेल, प्रेझेंटेशन सगळं जमतं. अडतं ते काही मागताना. आणि इथली माणसं चूक तोंडावर सांगत नाहीत, नुसती तुटक वागायला लागतात. कारण कळत नाही आणि मन खट्टू होतं. म्हणून हे लिहिते आहे.

मराठीत आदर क्रियापदातच असतो. ‘द्या’, ‘सांगाल का’ म्हटलं की काम झालं. इंग्रजीत लहानथोर सगळ्यांना एकच ‘यू’. त्यामुळे ‘सेंड मी द फाइल’ हे सरळ ‘फाइल पाठव’ असं ऐकू जातं. ‘प्लीज’ जोडलं तरी तो हुकूमच. ‘काइंडली’ लावलंत तर थकबाकीच्या नोटिशीसारखं वाटतं. ‘कुड यू सेंड मी द फाइल?’ असा प्रश्नच विचारायचा. ओळखीच्या माणसाला ‘कॅन यू’ चालतं. ‘विल यू’ शक्यतो टाळा, त्यात वैतागाचा सूर पटकन येतो.

‘कुड’ तर भूतकाळी, मग आत्ताच्या कामाला कसं, असं पुष्कळ जण विचारतात. आपणही समोर उभं राहून ‘एक विचारायचं होतं’ म्हणतोच की. त्यात समोरच्याला नाही म्हणायला जागा राहते. ‘वुड’ काय, ‘आय वॉज वंडरिंग इफ आय कुड’ काय, सगळे त्याच वाटेने जातात.

परवानगीसाठी ‘मे आय’ शाळेत घोटून घेतलेलं असतं. ते चूक नाही, पण रोजच्या बोलण्यात ‘कॅन आय’ किंवा ‘कुड आय’ पुरतं. ‘मे यू हेल्प मी?’ असं मात्र कधीही म्हणू नका. ‘मे’ने आपल्यासाठी परवानगी मागतात, दुसऱ्याला काम सांगत नाहीत. आणि कुणी ‘कुड आय लीव्ह अर्ली?’ विचारलं, तर होकार ‘येस, यू कॅन’ असा द्यायचा, ‘यू कुड’ असा नाही.

आता सगळ्यात महाग पडणारी गोष्ट. ‘वुड यू माइंड’ने सुरू होणाऱ्या प्रश्नाला होकार द्यायचा असेल तर उत्तर ‘नो’. ‘नो, नॉट अ‍ॅट ऑल.’ प्रश्न ‘तुमची हरकत आहे का’ असा असतो, आणि ‘येस’ म्हणजे हरकत आहे. समोरासमोर निभावतं, कारण चेहरा हसरा असतो आणि ‘शुअर’ जोडलं की अर्थ सावरतो. मेसेजमध्ये चेहरा नसतो. आमच्याकडे नव्या आलेल्या एका मुलीला ‘वुड यू माइंड टेकिंग ओव्हर धिस क्लायंट?’ असा मेसेज आला. तिने आनंदाने एका शब्दात ‘येस’ लिहिलं. काम दुसऱ्याला गेलं, आणि आपल्याला मुद्दाम डावललं असं ती कित्येक महिने समजत होती. प्रश्नात ‘माइंड’ दिसलं की थांबा, मग उत्तर द्या. आणि तुम्ही विचारताना पुढे ‘टेकिंग’, ‘ओपनिंग’ असं रूप ठेवा, ‘टु टेक’ नको.

आपल्या लोकांचं एक वागणं मला मनापासून खटकतं. मॅनेजरला ‘कुड यू पॉसिबली’ आणि सफाई करणाऱ्याला ‘क्लीन धिस’. इथे वरच्याला आणि खालच्याला वेगळी भाषा नसते, निदान ती उघड बोलायची नसते, आणि इथली ही रीत मला फार आवडते. कॉफी देणाऱ्यालाही ‘कुड आय हॅव’ म्हणायचं, ‘आय वॉन्ट’ नाही. मात्र एकाच वाक्यात ‘कुड’, ‘प्लीज’, ‘काइंडली’, ‘इफ यू डोन्ट माइंड’ सगळं कोंबू नका. लाचारी वाटते.

साहेबाचं ‘कुड यू लूक अ‍ॅट धिस?’ हा प्रश्न नसतो, ते काम असतं. ‘यू माइट वॉन्ट टु चेक दॅट’ म्हणजे तर आजच तपासा. आपली मुलं याला सूचना समजून बाजूला ठेवतात आणि महिनाअखेरीला बोलणी खातात.

‘मस्ट नॉट’ म्हणजे करायचं नाही, ‘डोन्ट हॅव टु’ म्हणजे केलं नाही तरी चालेल. ही गल्लत करू नका. आणि काल एकदा मिळालेल्या परवानगीबद्दल सांगताना ‘आय कुड लीव्ह अर्ली’ नाही, ‘आय वॉज अलाउड टु लीव्ह अर्ली’. नकार असेल तर ‘कुडन्ट’ चालतं.