रिव्हॉल्व्हर एकच, कामं दोन: नळी किती इंची घ्यावी?

अमेरिकेत .३८ स्पेशल किंवा .३५७ मॅग्नम (हे काडतुसांचे प्रकार) रिव्हॉल्व्हर घेताना हा पेच पडतोच: २ इंची नळी कपड्यांखाली सहज लपते, पण रेंजवर (नेमबाजीच्या सरावाच्या जागी) नेम दमवते, ६ इंची नेमाला छान, पण कमरेला बाळगणं कठीण. दोन्ही कामं एकाच हत्यारावर भागवायची असतील तर ३ इंचांपासून बघायला सुरुवात करा.

१. पुढच्या माशीपासून (नळीच्या टोकावरचा नेमाचा उंचवटा) मागच्या खाचेपर्यंतचं (जिच्यातून माशी बघायची) अंतर मोजा. ते १० सेंमी असेल तर माशी आणि खाच जुळवताना झालेली १ मिमीची चूक १० मीटरवर १० सेंमी होते. १५ सेंमी असेल तर साडेसहाच्या आसपास. नळी आखूड झाली की नेमकं हेच अंतर घटतं.

२. सिलिंडरमध्ये (काडतुसांचा फिरता गोल भाग) डमी काडतुसं भरा, सिलिंडर उघडाच ठेवून नळी वर करा आणि दट्ट्या (पुंगळ्या बाहेर ढकलणारी दांडी) एका दणक्यात शेवटपर्यंत दाबा. २ इंची मॉडेलांत दट्ट्या बहुधा आखूड असतो. झाडलेली, फुगलेली पुंगळी अर्धवट बाहेर येऊन अडकते. ३ इंचीत बहुतेकदा पूर्ण लांबीचा दट्ट्या बसतो. माझ्या मते ३ इंची घेण्याचं सर्वांत मोठं कारण हेच.

३. रिकामं हत्यार होल्स्टरमध्ये अडकवून गाडीच्या सीटवर बसा. नळीचं टोक सीटला टेकून मूठ बरगडीत घुसत असेल तर तेवढी लांबी नको.

फक्त रेंजसाठी ४ किंवा ६ इंची खुशाल घ्या.

सावधान: प्रत्येक चाचणीआधी सिलिंडर उघडून सगळी घरं डोळ्यांनी बघा, बोटानेही चाचपा. खरी काडतुसं त्या खोलीतच नकोत.