आधी मसाई मारा, मग डियानीचा समुद्र: बॅग भरायच्या आधी हे वाचा

केनियाहून आल्यापासून घरातल्या तिघांनी "लिस्ट पाठव ना" म्हणून झालं, त्यामुळे एकदाच सगळं लिहून टाकतोय. आम्ही मसाई मारात चार रात्री आणि डियानी बीचला पाच रात्री राहिलो. क्रम हाच ठेवा, आधी जंगल मग समुद्र, कारण सफारीत पहाटे साडेपाचला उठून दिवसभर खड्ड्यांतून हाडं खिळखिळी होतात, त्यानंतर वाळूत पडून राहण्यात जी मजा आहे ती उलट्या क्रमाने येत नाही.

बॅगेच्या आधी तारखा. मारात विल्डबीस्टचे (हरणाच्या कुळातला मोठा प्राणी) कळप साधारण जुलै ते ऑक्टोबर असतात, पण तेव्हाच पार्कची फीसुद्धा चढते, जुलै ते डिसेंबर परदेशी माणसाला दिवसाला 200 डॉलर आणि जानेवारी ते जून 100. हे तिकीट सकाळी 6 ते संध्याकाळी 6 एवढंच चालतं, म्हणून टूरवाल्याला स्पष्ट विचारा की कोटेशनमध्ये किती दिवसांची फी धरलीय, नाहीतर स्वस्त पॅकेज तिथे गेल्यावर महाग पडतं. एप्रिल-मे मात्र टाळाच, पाऊस दोन्हीकडे असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, यलो फीव्हरची लस. लोकांना वाटतं ती तिकडे जाताना लागते, पण खरी अडचण परत येताना होते. केनियाहून भारतात उतरलात आणि लस घेतल्याचं पिवळं कार्ड नसेल किंवा लस घेऊन 10 दिवस झाले नसतील तर क्वारंटाइनमध्ये बसवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रावरच मिळते, अपॉइंटमेंटला वेळ लागतो, म्हणून महिना-दीड महिना आधीच मागे लागा. एकदा घेतली की जन्मभर चालते. साठीच्या पुढचे, गरोदर बायका, अंड्याची अ‍ॅलर्जी असलेले, यांनी आधी डॉक्टरांशी बोला. कार्डावरचा पासपोर्ट नंबर तिथेच उभं राहून तपासा, माझ्या कार्डावर एक आकडा चुकला होता आणि त्यासाठी परत हेलपाटा मारावा लागला. मलेरियाच्या गोळ्याही डॉक्टरांना विचारूनच, पण पुढे बीच आहे हे सांगा, कारण डॉक्सिसायक्लिन घेतलं की उन्हाने कातडी लवकर भाजते.

व्हिसा आता नाही, 2024 पासून ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाचा परवाना, काढायचा, आणि तो सरकारी साइटवरूनच, तशाच दिसणाऱ्या साइट्स जास्तीचे पैसे उकळतात.

कपड्यांत आमचं पहिलं चुकलं ते म्हणजे आफ्रिका म्हणजे ऊन असं डोक्यात पक्कं. मारा समुद्रसपाटीपासून साधारण दीड हजार मीटर उंच आहे, ऑगस्टमधल्या पहाटे उघड्या जीपमध्ये दात वाजतात. स्वेटर आणि चक्क कानटोपी न्या, लाजू नका. रंग मातकट बरे, काळ्या आणि गडद निळ्यावर त्सेत्से नावाची चावणारी माशी येते. मिलिटरीसारखे छापील कपडे नकोत. दुर्बीण माणशी एक, हे खर्चिक वाटेल पण बिबट्या झाडावर असताना एकाच दुर्बिणीसाठी होणारी ओढाताण आम्ही बघितलीय.

नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने माराला जाणार असाल तर सामान 15 किलो आणि मऊ बॅगेतच. प्लास्टिकच्या पिशव्या केनियात 2017 पासून बंद आहेत, ओले कपडे, चपला, खाऊ सगळं कापडी पिशव्यांत भरा. चार्जरला तीन चौकोनी पिनांचा अ‍ॅडॉप्टर लागतो. ड्रोन घरीच ठेवा.

नैरोबी ते मोम्बासा आम्ही रेल्वेने गेलो, पाच-सहा तास लागतात आणि वाटेत त्सावोचं अभयारण्य लागतं, खिडकीतून लाल मातीत माखलेले हत्ती दिसले, त्याचे वेगळे पैसे नाहीत! पण स्टेशनवर तासभर आधी पोचा, बाहेरच सगळ्यांच्या बॅगा एका रांगेत मांडायला लावतात आणि कुत्रा हुंगत जातो, फळं कापायची सुरी ठेवली असेल तर ती गेली. पुढे डियानीला टॅक्सी आधी ठरवा.

समुद्रासाठी थोडंच लागतं. ओहोटीला पाणी खूप आत जातं आणि खडकांत काटेरी सी-अर्चिन असतात, त्यामुळे पाण्यात घालायचे बूट हवेतच. आणि खोलीतून बाहेर पडताना बाल्कनीचं दार कडी लावून बंद करा. आईने मुंबईहून आणलेला दोन किलो चिवडा मारात आम्ही पुरवून पुरवून खाल्ला आणि डियानीला पहिल्याच दुपारी माकड उरलेली अख्खी पिशवी घेऊन झाडावर, वर बसून शेंगदाणे तेवढे वेचून खात होतं.